गोव्याचा लग्नाचा कायदा आणि बांद्यापलीकडचा कायदा : लोक मला नेहमी विचारतात ते प्रश्न

मी पेडण्याची, म्हापशाला एका वकिलांच्या ऑफिसात चौदा वर्षं दस्तऐवज टाइप करते. माझं अर्धं गणगोत इकडे गोव्यात आणि अर्धं सीमेपलीकडे महाराष्ट्रात, सीमेलगतच्या बांदा गावी, सावंतवाडी, कुडाळकडे, त्यामुळे कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं मोडलं, कुणाची वाटणी निघाली की दोन्ही बाजूंनी फोन येतात आणि प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एकदाचं बसून सगळं लिहून काढलं. मी वकील नाही. तुमची केस कोर्टात असेल तर वकिलाकडेच जा. पण हे सगळं आलं कुठून आणि शेजारी काय काय घडत होतं हे माहीत असलं की वकिलाला नीट प्रश्न तरी विचारता येतात.

पात्रादेवीचा नाका ओलांडला की लग्नाचा कायदा बदलतो हे खरं का?

हो, खरं आहे. बांद्यातल्या हिंदू जोडप्याला १९५५ चा हिंदू विवाह कायदा लागतो. पेडण्यातल्या गोंयकार (मूळ गोव्याच्या) हिंदू जोडप्याला तो लागत नाही, कारण तो गोव्याला कधी लागूच केला गेला नाही. इथे पोर्तुगीज काळातली नागरी संहिता चालते. खाली काणकोणला पोळेंचा नाका ओलांडून माजाळीला गेलात तरी तीच गोष्ट, कारवारला १९५५ चा कायदा. अर्थात नुसता नाका ओलांडल्याने माणसाचा कायदा बदलत नाही, मूळ कुठलं आणि लग्न कुठे नोंदलं ते बघतात. पण भाषा तीच, देव तेच, मंगलाष्टकं तीच आणि लग्नाने बाईच्या हाती काय पडतं ते मात्र वेगळं, हे आमच्या सीमेवरच्या घरांनी पिढ्यान् पिढ्या बघितलंय.

मग हा कायदा आला कुठून?

पोर्तुगालची १८६७ ची नागरी संहिता. ती १८६९ च्या हुकमाने वसाहतींना लागू झाली आणि १ जुलै १८७० पासून गोव्यात अमलात आली. पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन १९१० ला प्रजासत्ताक आलं, आणि त्या नव्या सरकारने दोन-तीन महिन्यांत घटस्फोटाचा कायदा आणि लग्न म्हणजे नागरी करार असं सांगणारा कायदा, दोन्ही काढले. इथला विवाहाचा कायदा १९११ पासून आहे. म्हणजे आज जे आपण "गोव्याचा सिव्हिल कोड" म्हणतो ते एक पुस्तक नाही, ते १८६७ ची संहिता, १८८० चा हिंदूंच्या रूढींचा हुकूम, १९१० चे कायदे, १९४६ चा कॅथलिक लग्नांचा हुकूम असं थरावर थर साचलेलं आहे. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि १९६२ च्या कायद्याने सांगितलं की जुने कायदे बदलेपर्यंत तसेच चालू राहतील. लग्नाचे कायदे कुणी बदलले नाहीत, ते राहिले.

आणि ही संहिता मूळ पोर्तुगीजमध्ये. सरकारने तिचं इंग्रजी भाषांतर राजपत्रात छापलं ते २०१८ साली. मुक्तीनंतर सत्तावन्न वर्षांनी! तोवर ज्यांच्या संसाराला हा कायदा लागत होता त्यातल्या बहुतेकांना तो वाचताच येत नव्हता, आणि मला ही गोष्ट आजही फार लागते, कारण हक्क असून तो माहीत नसणं म्हणजे काय ते मी रोज ऑफिसात बघते.

पोर्तुगिजांनी हिंदूंच्या लग्नांना बंदी घातली होती असं आजी सांगायची, ते काय होतं?

ते आधीचं. इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, गोव्यात १५६० ते १८१२ होतं, मधे काही वर्षं बंद पडलेलं. त्या काळात तिसवाडी, बार्देश, सासष्टी या पोर्तुगिजांकडे आधीपासून असलेल्या मुलखांत हिंदूंना उघडपणे लग्नविधी करता येत नव्हते, लोक नदी ओलांडून पोर्तुगीज राज्याच्या बाहेर जाऊन लग्नं लावायचे. बाटलेल्या लोकांनी लग्नात जुने रिवाज पाळू नयेत म्हणून १७३६ चं एक फर्मान आहे, त्यात लग्नातल्या ओव्या, हळद, विडा अशा घरगुती गोष्टींवरसुद्धा बंदी घातलीय. हळद लावणं हा गुन्हा! तरी ओव्या टिकल्या.

अंत्रुज (म्हणजे फोंडा), पेडणे, डिचोली, सत्तरी हे मुलूख पोर्तुगिजांकडे खूप उशिरा, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आले. त्यांना नवी काबिजाद म्हणतात. तोपर्यंत त्यांचं धोरण बदललं होतं, इथल्या लोकांच्या रूढी पाळू असं त्यांनी कबूल केलं होतं. पुढे हिंदूंसाठी वेगळा रूढींचा हुकूम का निघाला त्याचं मूळ हे.

१८८० च्या त्या हुकमात काय होतं? गोव्यात हिंदू पुरुषाला दोन बायका चालतात म्हणतात ते खरं का?

१६ डिसेंबर १८८० च्या "जेंतिल हिंदूंच्या रूढी आणि परंपरा" (जेंतिल म्हणजे ख्रिस्ती न झालेले) या हुकमात हिंदूंच्या काही गोष्टी राखून ठेवल्या, एकत्र कुटुंब, दत्तक वगैरे. आणि त्यात ते कलम आहे. बायको पंचवीस वर्षांची होईतो मूलच झालं नाही, किंवा तीस वर्षांची होऊनही मुलगा झाला नाही, तर ठरावीक अटींवर नवऱ्याचं दुसरं लग्न कायद्याला चालेल. अटी बऱ्याच आहेत, आणि आजकाल कुणी ते कलम वापरल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. पण कागदावर ते होतं, आणि "मुलगा झाला नाही" हे कारण कायद्यात लिहिलेलं होतं, हे विसरून चालणार नाही. गोव्याचा कायदा सगळ्या धर्मांना एकच आहे असं भाषणात सांगतात तेव्हा हे कलम कुणी वाचून दाखवत नाही.

इथे पलीकडचे लोक आपल्या पुढे होते. मुंबई प्रांताने १९४६ ला कायदा करून हिंदूंमधली दुसरी बायको बंद केली. त्याला कोर्टात आव्हान दिलं गेलं, हिंदूंनाच का, मुसलमानांना का नाही असा मुद्दा होता, आणि १९५१ ला मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती छागला आणि गजेंद्रगडकर यांनी तो कायदा वैध ठरवला. तो नरसू अप्पा माळीचा निकाल, वकील लोक आजही त्याचा दाखला देतात.

तेव्हा पलीकडे सगळीकडे इंग्रजांचाच कायदा होता ना?

नाही, आणि हेच मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं. पेडणे पोर्तुगिजांचं. तेरेखोल नदी ओलांडली की सावंतवाडी संस्थान, भोसल्यांचं. आणि त्याच्या बाजूला वेंगुर्ला, ते इंग्रजांच्या रत्नागिरी जिल्ह्यात. एका दिवसाच्या चालीत तीन राज्यं, तीन कायदे. सावंतवाडी मुंबई प्रांतात आली ती १९४८ ला. कारवार तर १९५६ पर्यंत मुंबईतच होतं, मग म्हैसूर राज्यात गेलं. म्हणजे तीन गावांत दिलेल्या तीन बहिणींच्या नशिबी तीन वेगळे कायदे.

मुंबई प्रांतात सुधारणा कशा झाल्या? थोडक्यात सांगा.

थोडक्यात सांगता येत नाही, कारण तिकडे एकेक गोष्ट भांडून मिळवलेली आहे.

१८५६ ला विधवा विवाहाचा कायदा झाला पण कायदा झाला म्हणून लग्नं झाली नाहीत. विष्णुशास्त्री पंडितांसारख्यांनी मुंबईत चळवळ चालवली, बहिष्कार सोसले. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ ला गोदूबाईंशी पुनर्विवाह केला तेव्हा त्यांच्या गावाने, मुरूडने, त्यांना वाळीत टाकलं. हे आपल्या कोकणातलंच.

आणि रखमाबाई. तिचं लग्न अकराव्या वर्षी झालं, ती आईच्या घरी राहिली, शिकली, आणि मोठी झाल्यावर नवऱ्याकडे नांदायला जायला तिने नकार दिला. नवऱ्याने, दादाजी भिकाजीने, १८८४ ला दावा लावला. पहिल्या न्यायमूर्तींनी, पिन्हींनी, १८८५ ला तिच्या बाजूने निकाल दिला, की लहानपणी लावलेल्या लग्नासाठी बाईला जबरदस्तीने पाठवता येणार नाही. अपिलात तो फिरला आणि १८८७ ला हुकूम झाला की नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. ती म्हणाली तुरुंगात जाईन. शेवटी १८८८ ला दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, ती इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाली आणि परत येऊन सुरत, राजकोटला आयुष्यभर बायकांचे दवाखाने चालवले. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा रात्री झोप आली नाही. आमच्या ऑफिसात अजून नांदायला पाठवण्याच्या नोटिशी बघते मी, महाराष्ट्रातून इकडे माहेरी आलेल्या मुलींच्या नावाने, हिंदू विवाह कायद्याचं कलम ९, मजकूर बदलला पण धाक तोच.

तिच्या खटल्याने आणि पारशी समाजसुधारक बेहरामजी मलबारींच्या लिखाणाने वातावरण तापलं आणि १८९१ ला संमती वयाचा कायदा झाला, दहाचं बारा केलं. बारा! त्यालाही टिळकांनी विरोध केला, आमच्या धर्मात परक्या सरकारने हात घालू नये म्हणून. टिळकांबद्दल आदर असूनही मला हे पटत नाही, कारण परकं सरकार नको हे बरोबर, पण मुलगी घरचीच होती ना. मग १९२९ चा शारदा कायदा, मुलीचं वय चौदा, मुलाचं अठरा. १९७८ ला ते अठरा आणि एकवीस झालं.

संस्थानांत काय होतं? कोल्हापूर, म्हैसूर वगैरे?

काही संस्थानं इंग्रजांच्या पुढे होती. म्हैसूरने १८९४ ला आठ वर्षांखालच्या मुलींची लग्नं बंद केली, आणि पन्नाशी उलटलेल्या पुरुषाने चौदाखालच्या मुलीशी लग्न करणंसुद्धा. बडोद्यात सयाजीरावांनी १९०४ ला बालविवाह प्रतिबंधक कायदा केला आणि १९३१ ला हिंदूंसाठी घटस्फोटाचा. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ ते १९१९ च्या दरम्यान विधवा पुनर्विवाह, आंतरजातीय विवाह आणि बायकांना होणारा जाच यांवर एकामागून एक कायदे केले. आणि आंतरजातीय लग्नाला नुसता कायदा करून थांबले नाहीत, आपल्या घराण्यातलं नातं इंदूरच्या होळकरांशी जोडायला घेतलं.

घटस्फोट आधी कुठे मिळायला लागला?

कायद्याने म्हणाल तर गोव्यात, १९१० च्या कायद्याने. त्यात कारणं दिलीत: व्यभिचार, मारहाण आणि छळ, तीन वर्षं टाकून देणं, चार वर्षं बेपत्ता असणं, दहा वर्षं वेगळं राहणं, आणि जुगाराचं जडलेलं व्यसनसुद्धा. आणि दोघांच्या संमतीने घटस्फोट त्यातच होता. हिंदू विवाह कायद्यात संमतीचा घटस्फोट आला १९७६ ला. मधे सहासष्ट वर्षं. मुंबई प्रांताने १९४७ ला हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला होता, मग १९५५ ला देशाचा आला. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल मांडलं, ते रखडवलं गेलं, १९५१ ला त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला त्यामागे हे एक मोठं कारण, आणि मग तेच बिल तुकडे करून ५५-५६ ला पास झालं.

पण इथे एक सांगायला हवं. "हिंदूंमध्ये घटस्फोट नव्हता" हे वाक्य पुस्तकात वाचून लोक बोलतात, ते वरच्या जातींपुरतं खरं आहे. बाकीच्या समाजांत काडीमोड होता, पाट लावायचे, विधवेचा मोहतूर (दुसरं लग्न) व्हायचा, जातपंचायत बसायची आणि बाई दुसऱ्या घरी जायची. मानपान कमी मिळायचा हे खरं, पण वाट होती. हिंदू विवाह कायद्यानेही रूढीचा घटस्फोट राखून ठेवलाय.

कलावंतिणींच्या लग्नांचं काय? आमच्या घरी यावर कुणी बोलत नाही.

बोलत नाहीत, माहितेय मला. गोव्यात देवळांशी जोडलेल्या मुलींचा शेंस व्हायचा, म्हणजे लग्नासारखा विधी, पण त्याने नवरा मिळत नव्हता आणि मुलांना बापाचं नाव मिळत नव्हतं. हे मोडलं ते समाजातल्याच लोकांनी, राजाराम रंगाजी पैंगीणकरांसारख्यांनी, आपल्या मुलींची रीतसर लग्नं लावून आणि शाळा काढून. पलीकडे मुंबई प्रांतात १९३४ चा देवदासी संरक्षण कायदा आला, त्याने देवाला मुलगी वाहणं बेकायदा ठरवलं आणि आधी वाहिलेल्या बाईने केलेलं लग्न वैध ठरवलं. कायदा मागून आला, माणसं आधी उभी राहिली.

गोव्यात बायकोला अर्धा हिस्सा मिळतो म्हणजे नक्की काय मिळतं?

लग्न झालं की, वेगळा करार केलेला नसेल तर, दोघांचं सगळं एकत्र होतं. लग्नाआधीचं, नंतरचं, कमावलेलं, वारशाने आलेलं. आणि त्या सगळ्यात दोघांचा अर्धा अर्धा हिस्सा. नवरा मेल्यावर किंवा घटस्फोट झाल्यावर मिळेल असा नव्हे, लग्नाच्या दिवसापासून. म्हणून नवरा एकटा घर विकू शकत नाही, बायकोची सही लागते. वकील लोक याला मोयटी म्हणतात. कर्ज पण एकत्र येतात बरं का, तो भाग लोक विसरतात.

बांद्यापलीकडे असं नाही. तिकडे घर ज्याच्या नावावर त्याचं. बायकोला पोटगी मागता येते, स्त्रीधन तिचं, पण नवऱ्याच्या नावावरच्या फ्लॅटमध्ये लग्नामुळे मालकी येत नाही. माझी चुलतमावशी बांद्याला तीस वर्षं सासरी राबली, काजूच्या बागेला पाणी घालून घालून तिच्या खांद्याला कायमची गाठ आली, आणि नवऱ्याने भावांशी मिळून ती बाग विकली तेव्हा तिला तिसऱ्या दिवशी शेजारणीकडून कळलं. कायद्याने काही चुकीचं झालं नव्हतं.

पण म्हणून इकडच्या बायका सुखात आहेत असं मी म्हणणार नाही. आमच्या ऑफिसात सेल डीड सहीला आलं की नवऱ्यामागून बायको येते, पदर सावरत, आणि टेबलापाशी उभी राहून विचारते, "घर तर घोवाचें, हांवें सही कित्याक करपाची?" (घर तर नवऱ्याचं, मी सही कशाला करायची?) मी पेन पुढे करायच्या आधी तिला सांगते, बाई, अर्धं तुझं आहे म्हणून तुझी सही लागते. एकदा एक बाई हे ऐकून खुर्चीवर बसली आणि म्हणाली, परत सांग. मी परत सांगितलं. तिने पूर्ण दस्त वाचून घेतला माझ्याकडून, पाऊण तास, नवरा बाहेर येरझारा घालत होता. मग सही केली, पण पैशाचे दोन चेक करून घेतले. मी चौदा वर्षांत जेवढं टाइप केलं त्यातला तो पाऊण तास मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

आणि मूळ संहितेत अजून एक मेख आहे, मालकी अर्धी अर्धी पण कारभार नवऱ्याचा. भाडं तो घेणार, हिशोब तो ठेवणार. दुसरी मेख वारसाची: जुन्या संहितेत वारसांच्या क्रमात आधी मुलं, मग आईवडील, मग भावंडं आणि त्यानंतर जोडीदार. बायकोकडे स्वतःचा अर्धा असतो म्हणून हे चालून जायचं, पण जिने लग्नाआधी वेगळ्या मालकीचा करार केलाय तिला हे फार महाग पडू शकतं. महाराष्ट्रात हिंदू विधवा मुलांच्या बरोबरीने पहिल्या वर्गातली वारस आहे. म्हणजे प्रत्येक गोष्टीत आपलाच कायदा सरस, असं नाही.

करार म्हणजे? लग्नाआधी काय करायचं असतं?

चार पद्धती आहेत. सगळं एकत्र, सगळं वेगळं, लग्नानंतर कमावलेलं तेवढं एकत्र, आणि चौथी हुंड्याच्या मालमत्तेची जुनी पद्धत, ती आता कुणी घेत नाही. पहिली सोडून दुसरी हवी असेल तर लग्नाच्या आधी नोटरीसमोर रीतसर दस्त करावा लागतो. नंतर नाही. लग्न झाल्यावर बदलता येत नाही.

माझ्या स्वतःच्या लग्नाच्या वेळी हे आम्हाला कुणीही सांगितलं नाही. खिडकीवरच्या माणसाने फॉर्म पुढे केला, इथे सही, इथे सही, पुढचा या. मी तेव्हा या कामात नव्हते, मला वाटलं फक्त नोंदणी आहे. आयुष्यातला सगळ्यात मोठा मालमत्तेचा व्यवहार मी उभ्या उभ्या चार मिनिटांत केला. करार नको होताच मला, पण विचारायला तर हवं होतं.

दोन सह्यांचं काय प्रकरण आहे? पहिल्या सहीला लग्न होतं का?

नाही. तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे आधी दोघं जाऊन आम्ही लग्न करणार असं लिहून देतात, ती पहिली सही. मग नोटीस लागते, कुणाची हरकत असली तर घ्यायला वेळ दिला जातो. मग साक्षीदार घेऊन दुसरी सही. ती झाली की कायद्याने तुम्ही नवराबायको, मांडवात उभे राहिला नसलात तरी.

हे नीट समजून घ्या, कारण आमच्याकडे हॉलची तारीख मिळेना म्हणून, पासपोर्टचं काम आहे म्हणून, दुसरी सही सहा महिने आधी उरकतात आणि मग मधे लग्न मोडतं. मोडलं म्हणजे साखरपुडा मोडल्यासारखं नाही, कोर्टात जाऊन रद्द करून घ्यावं लागतं, आणि मुलीच्या घरचे "अजून काही झालंच नाही" म्हणत रडत बसतात. उलटंही खरं आहे, अक्षता पडल्या, सप्तपदी झाली आणि नोंदणी नाही, तर कागदावर सिद्ध करायला काही नाही. सुप्रीम कोर्टाने २००६ ला सगळ्या राज्यांना लग्ननोंदणी सक्तीची करा म्हणून सांगितलं तेव्हा त्या निकालात गोव्याची पद्धत आवर्जून नोंदवली होती.

कॅथलिक शेजाऱ्यांना वेगळा कायदा आहे का?

काही बाबतीत हो. पोर्तुगाल आणि व्हॅटिकनचा १९४० ला करार झाला, त्यावरून १९४६ चा हुकूम आला. त्यानुसार कॅथलिक लोक रजिस्ट्रारकडून ना हरकत दाखला घेऊन इगर्जीत (चर्चमध्ये) लग्न करतात आणि मग तिथली नोंद सरकारी रजिस्टरात चढते. पण त्या हुकमाप्रमाणे इगर्जीत लग्न केलं की नागरी घटस्फोटाचं दार बंद, फक्त चर्चच्या न्यायालयाकडून लग्न रद्दबातल ठरवून घ्यायचं आणि हायकोर्टाने त्यावर शिक्का मारायचा. माझ्या वर्गातली एक मैत्रीण यात अनेक वर्षं अडकली होती. आणि वाईट याचं वाटतं की पोर्तुगालने स्वतः १९७५ ला हे बदललं, तिथल्या कॅथलिकांना घटस्फोट खुला केला. इथे राहिलं.

आणि मुसलमान?

त्यांना गोव्यात हीच संहिता. १९३७ चा शरियत कायदा इथे लागू नाही. एकच लग्न, नोंदणी, अर्धा हिस्सा, घटस्फोट कोर्टातून. तोंडी तलाकचा प्रश्न देशात २०१७ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने आणि २०१९ च्या कायद्याने मिटला, इथे तो कायद्यात नव्हताच.

पोर्तुगालमध्ये अजून हाच कायदा चालतो का?

नाही. त्यांनी १९६६ ला नवी संहिता केली, ती १९६७ पासून लागू झाली, आणि त्यात करार नसेल तर लग्नानंतर कमावलेलं तेवढंच एकत्र असा नियम केला. आपण तोवर स्वतंत्र झालो होतो, म्हणून आपल्याकडे १८६७ चीच राहिली. वारसा, नोटरी, इन्व्हेंटरी (मेलेल्या माणसाच्या मालमत्तेच्या वाटणीचं कोर्टातलं काम) आणि नवराबायकोच्या मालमत्तेचा भाग मात्र आता गोव्याच्या स्वतःच्या कायद्यात आलाय, २०१२ चा कायदा, लागू झाला डिसेंबर २०१६ ला.

मुलींना वाटा कुठे आधी मिळाला?

गोव्यात मुलगा-मुलगी सारखे वारस, १८७० पासून. आईबापांनी मृत्युपत्र केलं तरी अर्धी मालमत्ता मुलांसाठी राखीवच, मुलीला पूर्ण वगळता येत नाही. महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघांनी १९९४ ला मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत सहहिस्सेदार केलं, पण आधीच लग्न झालेल्या मुलींना वगळून. ती अट गेली २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने. कागदावर आपण सव्वाशे वर्षं पुढे, आणि तरीही भावाने "सही करून दे गं, तुला काय कमी आहे" म्हटलं की बहीण हक्कसोड करून देते. दोन्ही राज्यांत अगदी सारखं.

इन्कम टॅक्समध्ये पण काही वेगळं असतं म्हणे?

असतं. १९६१ च्या इन्कम टॅक्स कायद्यात कलम ५ए खास आपल्यासाठी घातलं होतं, १९९४ ला. घरभाडं, धंदा, व्याज असं उत्पन्न नवराबायकोत अर्धं अर्धं दाखवायचं. पगार मात्र ज्याचा त्याचा. बाहेरच्या सीएकडून रिटर्न भरून घेत असाल तर त्याला हे आधी सांगा.

"गोवा मॉडेल"वर समान नागरी कायदा देशभर यावा असं म्हणतात. तुमचं मत?

सुप्रीम कोर्टाने २०१९ ला गोव्याच्या एका वारसाच्या केसमध्ये गोव्याचं कौतुक केलं, आणि गोंयकाराची मालमत्ता गोव्याबाहेर असली तरी वारसा याच कायद्याने ठरेल असंही सांगितलं. उत्तराखंडने आपला समान नागरी कायदा जानेवारी २०२५ पासून लागू केला. पण त्यात आपल्यासारखा लग्नापासून अर्धा हिस्सा नाही. मला विचाराल तर गोव्याकडून घेण्यासारखी एकच गोष्ट आहे आणि ती म्हणजे हा अर्धा हिस्सा, आणि नेमका तोच कुणी घेत नाही. नोंदणी घेतात, एक लग्न घेतात, पुरुषाच्या सातबाऱ्याला हात लागेल असं काही घेत नाहीत.

नवरा कुडाळचा, बायको म्हापशाची. मग कुठला कायदा?

हे प्रत्येक प्रकरणात बदलतं, लग्न कुठे नोंदलं, दोघांचं मूळ कुठलं, मालमत्ता कुठे आहे. म्हणून मी सगळ्यांना हेच सांगते की अशी सोयरीक असेल तर लग्नाआधी गोव्यातल्या वकिलाला भेटा, हवा तो करार नोटरीकडे करून ठेवा आणि त्याची सर्टिफाइड कॉपी मुलीने माहेरी ठेवावी.

आजी-आजोबांच्या लग्नाची जुनी नोंद मिळते का?

बऱ्याचदा मिळते. आधी तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे बघा, फार जुनी रजिस्टरं पणजीच्या पुराभिलेख खात्यात असतात. साल, गाव आणि दोघांच्या वडिलांची नावं घेऊन जा, नावं पोर्तुगीज पद्धतीने लिहिलेली असतात त्यामुळे शोधताना आडनावाची दोन-तीन स्पेलिंगं करून बघा. माझ्या आजीची नोंद मला अशीच मिळाली. वर सगळं पोर्तुगीज, शाई तपकिरी पडलेली, तिला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. खाली तिची सही देवनागरीत आहे, नाव पूर्ण लिहिलंय, अक्षरं मोठी मोठी आणि रेघेच्या बाहेर गेलेली.